सुईणमावशीची पत

सुईणमावशी माणसाला नावानं हाक मारत नसे. तो जगात कसा आला, त्यावरून मारी. दोन पोरांचा बाप झालेला मिशीवाला गडी दारात आला तरी म्हणे, "ये रं पायाळ्या." एक बाई कायमची 'टेम्पोतली', कारण ती दवाखान्याच्या वाटेवर टेम्पोतच जन्मली होती. माझी मात्र पंचाईत. शेवटी मीच सांगितलं, "मावशी, माझं सिझर." ती म्हणाली, "म्हंजे तुला यायचंच नव्हतं."

करोनात ऑफिस घरून सुरू झालं, तेव्हा बावधनचा फ्लॅट सोडून मी मुळशीच्या डोंगरातल्या तिच्या वाडीत खोली घेतली. दिवसा कंपनीचं काम, उरलेल्या वेळात जग बदलायचं. फायली जपायची एक नवी पद्धत मी बनवत होतो. तीत तुमच्या फायलींचे तुकडे होत आणि कुलूपबंद होऊन अनोळखी लोकांच्या घरच्या डब्यांत, म्हणजे छोट्या कॉम्प्युटरांत, राहत. डब्यांना नावं नाहीत, फक्त पत. डबा चालू राहिला की पत वाढे, बंद पडला की घटे. फारच घटली की बाकीचे डबे त्याच्या मालकाच्या फायली टाकून देत. फुकट्यांना शिक्षा. हा नियम मी फ्लॅटमध्ये इन्व्हर्टरच्या भरवशावर बसून लिहिला होता.

मावशीकडे तीन वह्या होत्या. तिच्या हातून झालेल्या प्रत्येक बाळंतपणाची तारीख, वेळ, आईचं नाव, सगळं शिसपेन्सिलीनं. शाळेतले गुरुजी तिच्या शब्दावर जन्मतारीख लिहीत. बाकी वाड्यांतली बिनकागदाची पोरं गुरुजींच्या सोयीनं एक जूनला जन्मत. "माज्या हातचं एकबी पोर एक जूनचं न्हाई," ती सांगे. मग जरा थांबून, "एक हाय. ते खरंच तवा झालं, त्याला मी काय करू?"

वही दाखवताना एक ओळ सोडून बाकीचं पान ती पदरानं झाकी. "दुसऱ्याचं कशाला बगतूस?" मी हरखलो. ज्याचं त्यालाच दिसावं, एवढ्याच गोष्टीसाठी मी चार महिने डोकेफोड केली होती.

वह्यांना वाळवी लागली होती. मी पानन्‌पान फोटो काढून तिच्या घरी जोडून दिलेल्या डब्यातून पद्धतीत टाकलं. फोनमधले फोटो पुसले. स्वतःच्या कामावर विश्वास नको?

"मग ह्या जाळू म्हंतोस? वाळवी दान्याच्या कनगीत शिरंल."

"खुशाल."

ते 'खुशाल' मी ज्या तोऱ्यात म्हणालो, तो आठवला की अजून कानशिलं तापतात.

त्या पावसाळ्यात विजेचा खांब पडला आणि वाडीत अकरा दिवस अंधार. मी तेव्हा बावधनला मित्रांकडे होतो, त्यांना पडद्यावर दाखवत होतो: बघा, एक बेभरवशाचा डबा पद्धतीनं आपोआप बाहेर काढला. त्यांनी टाळ्या वाजवल्या. डबा निनावी, कुणाचा, ते मलाही दिसत नव्हतं.

पुढच्या जूनमध्ये वाडीतला धोंडू आपल्या मुलीला, सोनीला, शाळेत घालायला आला. मावशी सोबत, मी लॅपटॉप घेऊन. गुरुजींनी पेन उघडलं. मी सोनीचं पान शोधलं, पुन्हा शोधलं. काहीच नव्हतं. तेव्हा तो डबा कुणाचा होता ते मला कळलं.

"रेंज नाही वाटतं," मी म्हणालो. रेंज भरपूर होती.

मावशीनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. अडलेल्या बायकांची तोंडं वाचण्यात तिचा जन्म गेला होता.

"गुरुजी, वह्या म्या जाळल्या," ती म्हणाली आणि थांबली. मी चार्जरची वायर गुंडाळत होतो. फार नीट गुंडाळली. मग ती म्हणाली, "माजंच डोकं फिरलं हुतं. पोर श्रावणातल्या सोमवारची हाय, कंचा ते ध्यानात न्हाई."

"जाळायच्या आदी आमाला इचारायचं तरी," धोंडू म्हणाला. "लोकाच्या पोरांचं लिवलेलं, चुलीत घालतीस? येड लागलं का म्हातारे?"

तिला म्हातारी म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. गुरुजींनी लिहिलं, एक जून.

त्यानंतर लोक तारखेसाठी परस्पर गुरुजींकडे जाऊ लागले. मावशी ओट्यावर बसलेली असे, आणि माणसं मान खाली घालून पुढून निघून जात. मी नियम दुरुस्त केला, खोली सोडली, आणि माफी मागायला सात महिने लावले.

"मला तवाच कळलं हुतं," ती म्हणाली. चहा पुढं केला.

"मग बोलला का नाहीत?"

"जाळल्या म्हनल्यावर थांबले हुते की वाईच. पुडचं तू बोलायचं हुतंस."

चहा संपवून मी डोंगर उतरलो. तेव्हाही वाडीत कुणाला काही सांगितलं नाही. पुढच्या खेपेला सांगू म्हटलं.

पुढची खेप तिच्या दहाव्याला झाली. नदीकाठी धोंडूला बाजूला घेऊन मी सगळं सांगितलं. मार खायची तयारी होती. तो म्हणाला, "सायेब, मग तवा मला तिला तसं का बोलू दिलंत?"