मावशीचा कर्व्ह

माझी मावशी जन्मभर छापखान्यात प्लेटा करत आली आणि निवृत्त झाल्यावर तिने मोरीत गम प्रिंटचा संसार मांडला. कागदावर डिंक, रंग आणि डायक्रोमेट नावाचं रसायन फासायचं, वर निगेटिव्ह ठेवून यूव्ही दिवा लावायचा. उजेड लागेल तिथला डिंक घट्ट होतो, बाकीचा पाण्यात सुटतो. पण कॉम्प्युटरवरून काढलेली निगेटिव्ह या डिंकाला सरळ मानवत नाही. म्हणून आधी एकतीस करड्या चौकोनांची पट्टी छापायची, कुठला करडा बुडाला ते टिपायचं आणि निगेटिव्हच्या छटा सुधारणारी कॉम्प्युटरवरची रेषा, म्हणजे कर्व्ह, पुन्हा वाकवायचा. मावशीने हे चार वर्षं केलं. सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं.

त्यात माझे बाबा सगळ्यात पुढे. त्यांचा फोटो स्टुडिओ होता ना. मग एकदा ते तिचा कॉम्प्युटर दुरुस्त करून आले, येताना तिचा कर्व्ह उचलून आणला आणि महिन्याभरात कलाशाळेत त्यांच्या प्रात्यक्षिकाचं पत्रक लागलं: 'मी शोधलेली पद्धत.' खाली माझ्या गेलेल्या आईचा चेहरा. तो प्रिंट मावशीचा होता. मावशी रडली नाही, मी रडले, संतापाने.

प्रात्यक्षिकाच्या आदल्या आठवड्यात मी तिच्याकडेच होते, तेव्हा बाबांचा फोन आला. "अगं, दिवा किती वेळ ठेवतेस?"

"सहा मिनिटं, भावोजी."

खोटं काहीच नव्हतं. फक्त ती मिनिटं तिच्या दिव्याची होती, छापखान्यातून भंगारात निघालेल्या दांडगटाची. बाबांच्या दिव्याला वीसही पुरली नसती. एक पट्टी छापून बघितली असती तर त्यांना कळलं असतं, पण बाबांना आयतं मिळालं की कष्ट सुचत नाहीत. मला सगळं कळत होतं. मी तोंड उघडलं नाही.

प्रात्यक्षिकाला आम्ही दोघी पहिल्या रांगेत बसलो. बाबांनी मोजून सहा मिनिटं दिवा लावला आणि कागद पाण्याच्या ट्रेमध्ये सोडला. आधी आईचं कपाळ गेलं, मग गाल, मग डोळे, शेवटी केस. गढूळ पाणी आणि कोरा कागद उरला.

"काय चुकलं, सर?" एका मुलीने विचारलं. बाबांनी मावशीकडे पाहिलं.

"मला काय विचारता?" मावशी म्हणाली. "पद्धत तुमची."

लोक हसले. मला आतून गार वाटलं.

जिन्यात बाबांनी मला गाठलं. "तुला माहीत होतं?"

"हो."

"तुझ्या आईचा चेहरा वाहून गेला, आणि तू बघत बसलीस?"

"बसले," मी म्हटलं. "तुम्ही उद्या पुन्हा छापलात, तर पुन्हा येऊन बसेन."