तळ्याच्या पायऱ्यांवरची पाटी

दिनांक १४ मे, मंगळवार, सायंकाळ. पाणीपुरवठ्याच्या तळ्याच्या पायऱ्यांवर, जेथे या वस्तीतली माणसे उन्हाळाभर वारा खायला बसत आली आहेत, एक लोखंडी पाटी रोवलेली आढळली. तीवर मजकूर असा : ‘येथे बसण्यास सक्त मनाई आहे. हुकमावरून.’ हुकूम कोणाचा, मनाई कशासाठी आणि कोठवर, याचा उल्लेख नाही. पूर्वसूचना नव्हती. तक्रार नोंदवून घेण्यास पाणीपुरवठा कार्यालयाने नकार दिला. म्हणून ती येथे नोंदवली आहे.

ही पाटी त्या दिवशी पाहून सर्वांत अधिक गोंधळला तो वस्तीतला पेंटर. कारण पाटी त्याच्याच हातची होती.

दुकानांवरचे फलक, दवाखान्यांच्या वेळा, ‘गाडी उभी करू नये’ अशा पाट्या रंगवण्यात त्याचे उभे आयुष्य गेले. छापील फलकांनी धंद्याचा घास घेतला, तरी लोखंडी पत्र्यावर इनॅमलने लिहायचे म्हटले की लोकांना अजून तोच आठवतो. त्याची लिहिण्याची रीत वस्तादाने घालून दिलेली. खडूचा दोरा ताणून रेघ उमटवायची, आधी ओळभर शिरोरेषा ओढायची, मग सगळे काने, मग अक्षरांची पोटे, आणि मात्रा-वेलांट्या शेवटी. वस्ताद म्हणत, ‘वाचलंस की चुकलास. मन पुढे पळतं आणि हात अक्षर गाळतो.’ म्हणून पेंटर मजकूर कधी वाचत नसे. त्याच्या लेखी ती वळणे होती. पाटी पुरी झाली की तोंड भिंतीकडे करून वाळत ठेवायची आणि विसरून जायचे. इतक्या वर्षांत त्याच्याकडून एक काना गळला नाही; आणि आपण जगाला काय काय सांगितले, याचा त्याला पत्ताही नाही.

त्याची थोरली बहीण, ताई, त्याच्याच घरी असते. आईबाप गेल्यावर तिनेच त्याला वाढवले. ती वाचनालयात मदतनीस होती. पेंटरने आयुष्यात रंगवलेली पहिली पाटी त्याच वाचनालयातली, ‘शांतता राखा’. निवृत्त होईपर्यंत ताईने कुणाला तोंडाने गप्प केले नाही. नुसते बोट त्या पाटीकडे दाखवायची. मागच्या वर्षी ती न्हाणीघरात पडली. हाड जुळले, पण मन जुळेना. खुर्ची खिडकीशी ओढून बसायची ती बसायचीच. डॉक्टर म्हणाले, फिरवा. फिरवणार कुठे? थंड हवेची ठिकाणे या घराला परवडणारी नव्हती. मग पेंटरने तळ्याचे नाव काढले. बोळ ओलांडला, पंपघराला वळसा घातला की झाले. जुनी चादर, पाण्याची बाटली आणि चिरायला एक कलिंगड. पाण्यावरून येणारा वारा पायऱ्यांवर असा यायचा, की ताई पदर सावरत म्हणायची, “बघ, माझ्याशी भांडायला आलाय!” गेल्या कित्येक महिन्यांत ती हसली असेल तर तिथेच.

त्या मंगळवारीही तिघे निघाले. ताईचा हात पेंटरच्या हातात, मागे चादर घेऊन त्याची बायको. पायऱ्यांशी येताच पेंटर थबकला.

“काय रे, थांबलास का?”

“काही नाही ताई. जरा…”

ताईने चष्मा सारखा केला आणि पाटी वाचली. मग जवळ जाऊन पुन्हा वाचली.

“हा ‘ब’ तुझा आहे. पोट सुटलेला.”

“माझाच आहे.”

“मग मला इथे आणलंस कशाला?”

बायको म्हणाली, “अहो, स्वतःच्या हाताने लिहिलंत आणि तुम्हालाच ठाऊक नाही?”

“लिहिलं. वाचलं नाही.”

“ऐका! उद्या मी म्हणते, भाजी मी केली, मीठ कुणी घातलं ते विचारू नका.”

ताई हसली नाही. ती वळली आणि आधार न घेता घराकडे चालू लागली. कलिंगड तसेच परत आले. घरी खुर्चीत बसल्यावर ती भावाकडे न बघता एवढेच म्हणाली, “कंटाळला असशील तर तोंडाने सांगायचं. पाटी कशाला रंगवायची?”

तेव्हापासून खुर्ची पुन्हा खिडकीशी गेली.

पेंटरने हार्डवेअरवाल्याला गाठले, कारण पत्रा आणि मजकुराची चिठ्ठी त्याच्याकडूनच येई. तो म्हणाला, “कुणीतरी आला होता बाबा. हेल्मेट होतं डोक्यावर. पाटी घेऊनही गेला. आपण काय चेहरे बघत बसतो?” तळ्याच्या रखवालदाराला विचारले. तो म्हणाला, “सकाळी आलो तर उभी होती. मीसुद्धा माझं स्टूल फाटकाबाहेर घेतलंय.”

“पण तुम्ही तर इथलेच ना?”

“पाटीत तसं कुठं लिहिलंय?”

मग कार्यालय. साहेबांनी पंखा आपल्याकडे वळवून घेतला आणि म्हणाले, “पाटी आमची असती तर नोंद असती. नोंद नाही, म्हणजे पाटी नाही.”

“पण साहेब, पाटी आहे. मीच रंगवलीय.”

“मग तुमची.”

“म्हणजे काढू?”

“सरकारी जागेतली पाटी काढणं गुन्हा आहे.”

“पण ती तुमची नाही ना?”

“आमची नाही म्हटलं. सरकारी नाही असं कुठं म्हटलं?”

पेंटर जिना उतरला तेव्हा आपण काय विचारायला गेलो होतो, हेच त्याला आठवेना. पाटी पंपघराच्या तुटक्या कठड्यापाशी लावायची आणि चुकून इकडे आली, की कुणाला खरोखरच माणसे नकोशी झाली, की कुणी थट्टा केली? प्रत्येक तर्क आधी खरा वाटे आणि बोळाच्या वळणावर पोचेपर्यंत खोटा.

एके दुपारी तो काळा रंग आणि रुंद ब्रश घेऊन तळ्यावर गेला. एक हात फिरवला की काम संपले असते. पण सांगणाऱ्याच्या शब्दाशिवाय पुरी झालेली पाटी त्याने कधी पुसली नव्हती. मनगट हलेना. बराच वेळ तो उभ्यानेच आपली अक्षरे वाचत राहिला. उभ्याने, कारण बसायला मनाई होती. हे ध्यानात आले तेव्हा त्याला स्वतःची लाज वाटली आणि हसूही आले. तो परतला.

संध्याकाळी ताईने आपण होऊन विचारले, “आता कोण बसतं रे तिथे?”

“कुणीच नाही.”

“का?”

“पाटी आहे म्हणून.”

ताईने मान वळवली. “म्हणजे सगळ्यांनाच आहे ती? मला वाटलं…” तिने चष्मा काढून पदराने पुसला. मग म्हणाली, “चार माणसं बसलेली दिसली तर मी येईन. पहिली मी बसणार नाही. जन्मभर लोकांना पाट्या दाखवल्या. या वयात कुणी मला दाखवू नये.”

दुसऱ्या दिवशी पेंटर आणि त्याची बायको पाटीच्या पायाशी चादर टाकून बसली. ताई फाटकाशी रखवालदाराच्या स्टुलावर टेकून बघत राहिली.

“अगं ये ना ताई, बसलोय की आम्ही!”

“तुम्ही घरचे. घरचे धरत नाहीत.”

त्यांनी वाट पाहिली. येणारे येत, पाटी वाचत, बसलेल्या दोघांकडे गुन्हेगारांकडे बघावे तसे बघत आणि परत फिरत. त्यांत शिकलेसवरलेले होते, एरवी ज्याच्या त्याच्या हक्कांवर तावातावाने बोलणारे होते. कुणी विचारले नाही, हुकूम कुणाचा? अंधार पडू लागला तशी ताई उठली.

या वस्तीतल्या वाचकहो, कोणी धनी नसलेल्या त्या पाटीला धनी तुम्ही मिळवून दिला आहे, रोज परत फिरून. कार्यालयाकडून काही मागणे व्यर्थ आहे. मागणे तुमच्याकडे आहे. उद्या संध्याकाळी तळ्यावर या आणि पायऱ्यांवर बसा. फाटकाशी स्टुलावर एक बाई असतील. त्या आत येईपर्यंत उठू नका.