गंगम्माक्काचा डबा

बिस्किटं घरात करता येत्यात हे येडशीला आमच्या गंगम्माक्कानं दाखवलं. जावेचं कौतुक म्हणून सांगत न्हाय म्या. कौतुक करायचा माझा सोभावच न्हाय, गावात कुणालाबी विचारा. भांडणं म्हणाल तर आमची लई झाली. मिठावरनं झाली, पाण्यावरनं झाली, कुणी उंबरा सारवायचा त्याच्यावरनं झाली. माझा नवरा लवकर गेला आन् म्या त्याच घरात थोरल्या जावेच्या हाताखाली राहिले, मग भांडायला दुसरं कोण होतं मला? पर बिस्किटांपुढं म्या हात टेकले.

थोरले भावजी, बंडप्पा, त्यांचं किराणा दुकान स्टेशनाच्या वाटेवर होतं. निजामाचं राज्य होतं तवा. बार्शीकडनं ती छोटी रेल्वे यायची, दोन डब्यांची, धूर वकत वकत. स्टेशन मास्तराची बायको पुण्याकडची. तिनं एकदा अक्काला चहाला बोलावलं आन् बशीत बिस्किट ठेवलं. आमी लिंगायत, खाण्यापिण्याचं लई कडक. अक्कानं बशी बाजूला सारली आन् तोंडावर विचारलं, "बाई, ह्यात अंडं न्हाय न्हवं?"

मास्तरीणबाई हसली. अक्काला स्वयंपाकघरात नेलं आन् पहिल्यापासनं सगळं करून दाखवलं. पीठ, तूप, साखर, सगळं डोळ्यानं बघितलं तवा कुठं अक्कानं तुकडा तोंडात घातला. घरी आली ती परात काढूनच बसली.

तूप आन् पिठीसाखर परातीत तळव्यानं फेसायची, पांढरीफेक होईस्तोवर. मग कणीक, मूठभर रवा, सोड्याची चिमूट, वेलदोडा. गोळे करून चपटे करायचे. जाड बुडाच्या पातेल्यात वाळू तापवायची, वाळूवर ताटली, वर झाकण आन् झाकणावर निखारे. एवढंच. पर झाकण उघडून बघायचं न्हाय, हा अक्काचा कायदा. वासावर उतरवायची. म्या एकदा उघडलं तर पळी फेकून मारली तिनं. लागली न्हाय, पर नेम चांगला होता.

आन् दर बिस्किटावर ती तीन बोटं हलकी ओढायची, कपाळावर विभूती ओढावी तशी. "म्हंजे कळतं कुणाच्या घरचं हाय," म्हणायची. जशी काय गल्लीत घरोघरी बिस्किटं भाजत होती लोकं!

तिचा एकुलता एक लेक रेवणप्पा. त्याला चहात बुडवून ही बिस्किटं लई आवडायची. बुडवता बुडवता अर्धं पडायचं कपात, मग बोटानं काढून खायचा. देश स्वतंत्र झाला तरी आमच्याकडं निजामच होता, आन् रझाकारांचे दिवस आले. दसरा झाला आन् रेवण घरातनं गेला. हद्दीपलीकडं, बार्शीच्या अंगाला, हिंदुस्थानात निजामाविरुद्ध लढणाऱ्या आपल्याकडच्या पोरांचा कॅम्प होता, तिथं. गावाला आमी सांगितलं, सोलापूरला मामाच्या दुकानात कामाला लावलाय. खरं कळलं असतं तर दुकानबी गेलं असतं आन् भावजीबी.

चिठ्ठी धाडायची सोय न्हाय. नाक्यावर झडती व्हायची, सापडली तर सगळं घर आत. अक्का जेवायला बसायची आन् घास हातातच राहायचा. मग तिला सुचलं ते बिस्किटांचं. लिंबाजी धनगर आमच्या रानात मेंढरं बसवायचा. त्याची बहीण हद्दीपलीकडं दिलेली, मेव्हणा दगडोबा. मेंढरं घेऊन लिंबाजीचं इकडं तिकडं चालायचंच, त्याला कोण अडवतंय? तो पितळी डबा घोंगड्यात गुंडाळून न्यायचा आन् दगडोबाकडं ठेवायचा. रेवण कवातरी येऊन बिस्किटं घेऊन जायचा, डबा तिथंच ठेवायचा. परतताना लिंबाजी डबा आणायचा. पोराची न् त्याची गाठच पडायची न्हाय.

"अक्का," म्या म्हणलं, "मग पोरगा बरा हाय का न्हाय, ते कसं कळायचं तुमाला?"

"कळंल," ती म्हणाली.

आन् कळलं की! आमच्या घरची रीत अशी की कुणाचं भांडं घरात आलं तर रिकामं परत करायचं न्हाय. काही नसलं तर साखरेची चिमूट घाला, चार दाणे घाला, पर रिकामं न्हाय. रेवण लहान होता तवा शेजारची वाटी तशीच देऊन आला. अक्कानं कान धरून गुळाचा खडा हातात दिला आन् परत धाडला. पोरगं रडत रडत गेलं, पर जन्माची आठवण राहिली.

तर पहिल्या खेपंला डबा परत आला, उघडला, आत बेलाचं एक पान. अक्का ते पान तळव्यावर घेऊन किती वेळ बसली.

"बघ इरम्मा. दुसऱ्या कुणी घेतला असता तर बिस्किटं खाऊन डबा तसाच टाकला असता. पान घातलं ते माझ्याच लेकानं."

ते पान तिनं लिंगपूजेत ठेवलं. पुढच्या खेपंला विभूतीचा खडा आला. त्यातली जराशी आमी दोघींनी लावली, भावजींना लावली. डबा आला की घरात सण असायचा, पर आवाज न करता. साखर कंट्रोलची, मिळायची न्हाय, तवा अक्का गुळाची बिस्किटं करायला लागली. काळी व्हायची, पर लई खमंग.

चैत्र सरला आन् बातमी आली. हद्दीवर गोळीबार झाला, कॅम्पातली काही पोरं पडली. कोणती, ते कुणाला ठाऊक न्हवतं. दुकानात माणसं कुजबुजायची आन् भावजी त्यांना हरभऱ्याची डाळ तोलून द्यायचे.

अक्कानं त्याच दिवशी पीठ काढलं. तूप काही फेसंना. किती घासलं तरी फुटल्यागत दिसायचं. म्या म्हणलं, आणा हिकडं, तर परात सोडंना. बिस्किटांवर तीन बोटं ओढली ती वाकडीतिकडी. लिंबाजी डबा घेऊन गेला आन् आमी वाट बघायला लागलो. वाट बघणं म्हंजे काय असतं ते तवा कळलं मला.

आला एकदाचा लिंबाजी. परसदारी डबा माझ्या हातात दिला, "घ्या वैनी, मेंढरं तान्हेली हायती," म्हणाला आन् थांबला न्हाय.

अक्कानं झाकण काढलं. डबा तिरका केला. आत हात घालून कडंनं फिरवला.

काहीच न्हवतं.

तिनं झाकण परत लावलं, डबा फळीवर ठेवला आन् भाजी निवडायला बसली. म्या जवळ गेले. "अक्का," म्हणलं, तर म्हणाली, "बोलू नगं." मोठ्यानं रडायचीबी चोरी होती आमाला. पोरगा सोलापूरला मामाकडं हाय न्हवं? मग रडता कशाला, शेजारीण विचारंल. दुपारी भावजी जेवायला आले. वाढता वाढता हळूच विचारलं त्यांनी, "काय आलं डब्यात?"

"बेलाचं पान," अक्का म्हणाली.

भावजी हसले. त्या दिवशी एक भाकरी जास्त खाल्ली त्यांनी. म्या दाराआड तोंडात पदर कोंबून उभी. शिव शिव! असलं खोटं बोलायला केवढी छाती लागती! म्या भांडते, पर असलं माझ्यानं झालं नसतं.

त्या दिवसापासनं अक्का बोलायची थांबली. काम सगळं करायची, पर लिंगपूजेला बसली की नुसती बघत बसायची. माझ्याशी भांडायचीबी न्हाय. डाळीत म्या मुद्दाम मीठ जास्त घातलं, तरी खाल्ली गुमान. तवा म्या घाबरले.

येता जाता तो डबा फळीवर दिसायचा. शेवटी म्हणलं, घासून माळ्यावर तरी टाकावा, बाईच्या नजरंआड तरी होईल. राख घेऊन बसले. झाकणाच्या काठाला आतनं दुमड होती, तिथं काहीतरी चिकटलेलं. नखानं काढलं. शेंगदाण्याचं लाल साल.

म्या तसंच बोटावर धरून बघत राहिले. आमच्या बिस्किटात शेंगदाणा नसतो. मग हे आलं कुठनं?

अक्काला काही बोलले न्हाय. उगं आस लावायची आन् ती खोटी ठरायची, बाई जगली नसती. साल पदराच्या गाठीला बांधलं आन् तशीच निघाले रामलिंगाच्या देवळाच्या अंगाला. तिकडंच लिंबाजीची मेंढरं होती. ऊन म्हणजे काय ऊन होतं! लिंबाजी पळसाखाली लोकर कातत बसलेला.

"लिंबाजी, डब्यात काय होतं?"

"कंच्या डब्यात?"

"तुझ्या तेराव्याच्या! आमच्या डब्यात! आणलास त्याच्यात!"

त्यानं चाती खाली ठेवली. माझ्या तोंडाकडं बघितलं आन् त्याला कायतरी चुकल्याचं कळलं असावं.

"शेंगदाणे होते, वैनी. मूठभर."

"मग गेले कुठं?"

"खाल्ले म्या."

दगड उचलावा का त्याच्या पाया पडावं?

"नाक्यावर दिवसभर अडकवून ठिवलं मेंढरास्नी," तो सांगायला लागला. "पोटात काय न्हाय. आमच्यात भांडं पोचवणाऱ्याच्या हातावर कायतरी ठिवत्यात, वैनी. आधी बेलपान असायचं, विभूती असायची, ते देवाचं म्हणून म्या हात लावला न्हाय. ह्या बारीला शेंगदाणे दिसलं. म्हणलं, पोरानं माझ्यासाठी घातलं. चुकलं का काय?"

"ऊठ," म्या म्हणलं. "आधी ऊठ. अक्कापुढं चल आन् हेच सांग."

मेंढरं दुसऱ्याच्या हवाली करून त्याला ओढतच आणला. अक्का जोंधळे पाखडत होती. परसाचं दार लावलं आन् म्या म्हणलं, "अक्का, डबा भरलेला आला होता. ह्या मुडद्यानं वाटंत खाल्ला."

सूप हातातच राहिलं तिच्या.

"काय होतं?"

"शेंगदाणे जी," लिंबाजी म्हणाला. "भाजलेले."

अक्का उठली. त्याच्या अगदी जवळ गेली. "खारे होते का रे?"

"व्हय. लई खारे. पाण्याला जीव गेला माझा."

दुकानातल्या शेंगदाण्याला मिठाचं पाणी मारून भाजायची खोड रेवणचीच. त्याच्यापायी भावजींच्या किती शिव्या खाल्ल्या होत्या त्यानं! अक्का मटकन खाली बसली. हसायला लागली, हसता हसता रडायला लागली, आन् एवढ्या दिवसांचं सगळं बाहेर पडलं.

"लिंबाजी, मेल्या, माझं लेकरू खाल्लंस की रे तू!"

तो बिचारा हात जोडून उभा. मग तिनंच त्याला पाटावर बसवलं, तूप घालून भाकरी वाढली, आन् वर मला म्हणाली, "कालच्या डाळीत मीठ जास्त घातलंस. डोळे फुटले होते का?" मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! भांडण परत आलं घरात. भावजींना मात्र आमी काही कळू दिलं न्हाय. त्यांचं पान त्यांच्यापाशी राहू दिलं.

पुढच्या खेपंपासनं लिंबाजीची बिस्किटं वेगळ्या फडक्यात बांधून द्यायला लागली ती. "हे तुझं. डब्याला हात लावलास तर हात मोडीन." त्यानं परत कधी लावला न्हाय. डबा यायचा, कधी चिंच, कधी फुटाणे. पावसाळ्यात नदीनाल्यांनी वाट अडवली तेवढे दिवस डबा पलीकडंच राहिला.

भादव्यात हिंदुस्थानची फौज आली आन् निजामाचं राज्य गेलं. लोकं स्टेशनावर गुलाल उधळत होती. अक्का काही गेली न्हाय. तिनं वाळू तापत ठेवली होती. "तो आला तर चहासंगं काय देऊ?" म्हणाली.

आन् आला की! दाढी वाढलेली, गालफडं बसलेली, काखंत तो डबा. आमी सगळे त्याच्या तोंडाकडं बघतोय, भावजी तर दुकान उघडं टाकून धावत आलेले. अक्का मात्र डब्याकडं बघत होती. त्याच्या काखंतनं काढून घेतला, झाकण उघडलं आन् उलटा केला.

काही पडलं न्हाय.

रेवणनं जीभ चावली. "अव्वा, पळत आलो. घालायचं राहिलं बघ."

"रिकामं भांडं आणत्यात व्हय रे घरात?" अक्का ओरडली आन् त्याच्या पाठीत धपाटा घातला. मग दुसरा घालायला हात उचलला, तो खाली आलाच न्हाय, त्याच्या गळ्यातच पडला. आन् माझी जाऊ पहिल्यांदा मोकळं, गल्लीला ऐकू जाईल असं रडली.

आत बिस्किटांचा जळका वास सुटला होता. सगळ्यांना आला, अक्काला आला न्हाय. बुडाशी पार कोळसा झाला होता त्यांचा. रेवणनं तीच चहात बुडवून खाल्ली.