भाऊंचा हिरवा

"आधी उलटं करून पाह्य," कुणीही पान दाखवलं की भाऊ हेच म्हणायचे. झाड ओळखायचं तर पानाची मागची बाजू बघायची, हे त्यांचं ठाम मत. वर्ध्याच्या आमच्या कॉलेजात ते वनस्पतिशास्त्राचे चित्रकार होते, मी प्रयोगशाळेत मदतनीस. सत्तरच्या दशकात अशी पोस्ट असायची. आज सांगितलं तर पोरं हसतात. हसा लेको!

जिल्ह्यातली रानझाडं जिवंत बघूनच काढायची आणि त्यांचं एक पुस्तक करायचं, एवढाच भाऊंचा ध्यास. एकदा समुद्रपूरहून एसटीत फुललेली कळलावी मांडीवर घेऊन आले. ही घरात भांडणं लावते म्हणतात. शेजारची बाई कडाडली, "काऊन आणलं हे? माह्या घरी काय कमी भांडनं हायेत?" आणि उठून पुढे गेली. भाऊ खूष. "ऐसपैस बसाले भेटलं न बाप्पा!"

चित्रं पुठ्ठ्यावर चिकटवायची खळ ते स्वतः शिजवत. कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात, हे पुस्तकं बांधणारा कुणीही सांगेल. मी पुडी पुढे केली, तर अंगावर आले. "निळं उतरते कागदावर. माहा हिरवा खोटा पडन!" असा संताप यायचा मला! पण ऐकतील ते भाऊ कसले.

पुस्तकाचं विचारलं की कॉलेजचे मोठे साहेब 'पुढच्या वर्षी' म्हणायचे. तेवढ्यात कॅमेरे आले, स्लाइडी आल्या, चित्रांचं कपाट मागच्या खोलीत गेलं. भाऊ रिटायर होता होता अखेर एक छापखानेवाला तयार झाला. आम्ही कपाट उघडलं. कसरीनं खळीसकट चित्रं खाल्ली होती. एकही छापण्याजोगं उरलं नव्हतं.

"चुकी माही," भाऊ एवढंच म्हणाले. मला मात्र रडू आवरेना.

दुसऱ्या दिवशी मी रानातून पळसाची ताजी फांदी आणली. "भाऊ, पुन्हा सुरू करा. एक तरी काढा." ते बसले. बराच वेळ रंग कालवत राहिले. मग बशी माझ्यापुढे धरली.

"सांग बापू, जमला न हिरवा?"

बशीत मातकट तपकिरी रंग होता. मागाहून कळलं, साखरेच्या आजारानं डोळे गेले होते, डॉक्टरांनी केव्हाच हात टेकले होते, आणि या माणसानं कुणाला कळू दिलं नव्हतं. मी बशी त्यांच्या हातातून घेऊन खाली ठेवली.

"राहू दे मंग," म्हणाले, आणि कुंचला धुऊन ठेवला.

पुढे ते सेलूला लेकीकडे राहायला गेले. तिच्या अंगणात कडुनिंब, सीताफळ, सगळं होतं. भाऊ खुर्ची भिंतीकडे फिरवून बसायचे. तसेच बसल्या बसल्या एका दुपारी गेले.