खाली न उतरणाऱ्या बायका

इटलीतलं ते टेकडीवरचं गाव मी कधी पाहिलं नाही, पण त्याचं नाव निघालं की माझं डोकं आजही फिरतं.

ऐंशीच्या दशकात मी घाटकोपरला एका छोट्या प्रवासी कंपनीत टायपिस्ट होते. एक दिवस साहेबांनी युरोपच्या सहलीचं इंग्रजी माहितीपत्रक टेबलावर टाकलं. "याचं मराठी कर. वाचून लोकांना लगेच जावंसं वाटलं पाहिजे ना!"

वाचायला घेतलं. अरुंद गल्ल्या. एकावर एक रचलेली घरं. गाडी वर जातच नाही, म्हणून केवढी शांतता! गल्लीवर आडव्या दोऱ्या, त्यांवर वाळणारे कपडे. चौकात सगळ्यांचा मिळून एक नळ, भोवती बायका. अरे, हे तर आमचं भांडुप! टेकडीवर आमची खोली, खालून दीडशे पायऱ्या, दोऱ्या, नळ, बायका, सगळं तेच. फक्त आमच्या नळावर बायका गप्पा मारत नव्हत्या, एकमेकींच्या झिंज्या धरत होत्या. तिकडे लोक विमानाने जाणार, आणि आमच्याकडे सख्खा मामा मुलुंडहून यायचं म्हटलं की "तुम्हीच या ना" म्हणायचा.

शेवटच्या ओळीने तर मी पेटलेच. 'इथल्या काही वृद्धा कित्येक वर्षांत खाली उतरलेल्या नाहीत. त्यांना वरच समाधान आहे.'

माझी आई दीड वर्ष खाली उतरली नव्हती. शेवाळावरून घसरली, कंबरेचं हाड मोडलं. हाड जुळलं, पायऱ्या जमेनात. वस्तीत एक सोय होती: मंडळाची लाकडी खुर्ची, दोन बाजूंना बांबू बांधलेली, चौघांनी उचलायची. पण तिच्यातून फक्त दवाखान्यात न्यायचं माणूस जायचं, अशी रीत. खुर्ची निघाली की लोक दारात उभे राहायचे, बायका डोळ्यांना पदर लावायच्या. आई एकदा म्हणाली होती, "माका नको ती खुर्ची. मयत उठल्यासारखा वाटता."

महिन्यावर मामाच्या मुलीचं लग्न आलं होतं. तिला लहानपणी आईनेच सांभाळलेलं. आई रोज हिरवं लुगडं ट्रंकेतून काढायची, बघायची, परत ठेवायची.

त्या संध्याकाळी मी रागारागाने तिला ते पत्रक मराठीत वाचून दाखवलं. म्हटलं, ती हसेल, नाहीतर दोन शिव्या घालेल. पण ती म्हणाली, "तेंका कोणी इचारल्यान काय गो, खाली येतलास काय म्हणान?"

मामाला मी परस्पर कळवून मोकळी झाले होते, की आई काही यायची नाही, तिला घरीच बरं वाटतं. तिला विचारलंच नव्हतं. एकदा बोललेलं 'नको' मी कायमचं धरून ठेवलं, कारण चार जणांच्या विनवण्या करायची मला लाज वाटत होती. साहेबांवर आणि इटलीवर चिडणं सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी ती ओळ मी गाळली. साहेब भडकले, "तीच तर झकास ओळ होती, वेडे!" मी म्हटलं, खोटी आहे. त्यांनी ती स्वतः पेनाने परत घातली आणि तशीच छापली.

मंडळाच्या पोरांकडे मात्र मी गेले. पोरं खुर्ची उचलायला लगेच तयार झाली, याचाही मला रागच आला. आधी का नाही गेले मी?

लग्नाच्या सकाळी हिरव्या लुगड्यातली आई खुर्चीत बसली. खुर्ची उचलली, आणि रीतीप्रमाणे दारं उघडली. लोक उभे राहिले. नळावरच्या बायकांनी हंडे खाली ठेवले, पदर डोळ्यांना लावले. एकीने तर हुंदकाच दिला.

आईने बांबूवर चापट मारून खुर्ची थांबवली.

"रडतास कित्याक? लग्नाक चललंय मी!"

तिच्या चपला हातात घेऊन मी मागून उतरत होते, आणि ती एकदाही माझ्याकडे वळून बघत नव्हती.