तापणारा लॅपटॉप आणि माझी अठरा दिवसांची वही

शनिवार, ९ मे. सकाळी ११ वाजून २० मिनिटं. रत्नागिरीतल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात मी वही उघडून बसलो होतो आणि समोरच्या दोन गेमिंग लॅपटॉपकडे आळीपाळीने बघत होतो...

मी बारावीला दोनदा राहिलो, पुढे शिकलो नाही. बंगले बांधणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरना घराचे थ्रीडी व्हिडिओ करून देतो आणि काम संपलं की गेम खेळतो. दोन्हीला दमदार ग्राफिक्स कार्ड लागतं. त्यासाठी अडीच वर्षांत एक लाख तीस हजार साठवले होते... ते चुकीच्या मशीनवर गेले असते तर मी स्वतःला माफ केलं नसतं.

पहिला लॅपटॉप एक लाख अठ्ठावन्न हजारांचा. जाडजूड, कार्ड वरच्या दर्जाचं, पंखे तगडे, पण स्टोरेज फक्त ५१२ जीबी. दोन मोठे गेम घातले की त्यातलं निम्मं संपलं, मग काम ठेवायचं कुठे?

दुसरा एक लाख एकोणीस हजारांचा. कार्ड एक पायरी खालचं, पंखे साधे, पण स्टोरेज एक टीबी आणि वर आणखी एक एसएसडी लावायला जागा.

तरी मी पहिल्याकडेच झुकलो होतो. कारण माझा जुना लॅपटॉप घरी दहा मिनिटांत ९७ डिग्रीला जायचा आणि रेंडर, म्हणजे व्हिडिओ तयार होणं, अर्धवट असताना बंद पडायचा. अठरा दिवस, रोज तीन वेळा मी आकडे वहीत लिहिले होते. आमच्या घरातल्या उकाड्यात साधे पंखे टिकणार नाहीत, असंच वही सांगत होती... वरचे अठ्ठावीस हजार हप्त्याने भरायचे, हे ठरवूनच घरातून निघालो होतो.

दुकानात रिपेअरिंगचं काम रेश्माताई बघतात. वही चाळून म्हणाल्या, "एवढा अभ्यास बारावीला केला असतास तर?" आणि हात पुढे केला, "जुना आणलायस ना? दे इकडे."

त्यांनी खालचं झाकण उघडलं आणि चिमट्याने पंख्यातून बारीक पिवळ्या काड्या ओढून काढल्या. एक, दोन, मग चिमूटभर भुसा... "हे काय रे? गोठ्यात बसून गेम खेळतोस?"

भाताचा पेंढा होता. तो कुठून आला, हे बघताक्षणी मला कळलं.

घरी माझं टेबल लहान, म्हणून लॅपटॉप प्लॅस्टिकच्या क्रेटवर ठेवायचो. क्रेटला जाळी असते, खालून हवा खेळते, असा माझा हिशोब. पण त्याच क्रेटमध्ये बाबा एप्रिलपासून पेंढ्यात हापूस पिकत घालत होते, एक खेप निघाली की दुसरी. पिकणारा आंबा ऊब धरतो. अढीत हात घालून ती ऊब कशी बघायची, हे बाबांनीच मला लहानपणी शिकवलं होतं... म्हणजे अठरा दिवस मी आंब्यांची ऊब वहीत लिहीत होतो, आणि वर पंख्याला पेंढा भरवत होतो.

ताईंना सांगितलं, तर त्या हसता हसता स्टुलावरून पडायच्याच बाकी राहिल्या. साफसफाई करून, चिपवरची उष्णता ओढून घेणारी पेस्ट बदलून त्यांनी तेच रेंडर पुन्हा लावलं. ८१ डिग्री.

माझं समाधान होईना. म्हटलं, "ताई, पण इथे एसी आहे." "मग काय तुझ्या आंब्यांना इथे बोलावू?" असं म्हणाल्या खऱ्या, पण माझा जुना लॅपटॉप आणि दुसऱ्या मॉडेलचा डेमो पीस, दोन्ही त्यांनीच बाहेर पायरीवर, पत्र्याखाली मांडून दिले. दुपारचा एक वाजला होता. अर्धा तास मी आकड्यांकडे बघत बसलो. स्टँडवरचे एक रिक्षावाले काका वाकून विचारून गेले, "काय रे, भविष्य बघतोस काय?"

जुना ८६, नवा ८३. एकही बंद पडला नाही. वहीतल्या त्या सगळ्या पानांवर मी आडवी रेघ मारली आणि दुसरा लॅपटॉप घेतला.

संध्याकाळी बाबांना म्हटलं, क्रेट दुसऱ्या खोलीत ठेवूया. बाबा म्हणाले, "घातलेला आंबा हलवत नाहीत. तुझ्या त्या मशीनला काय झालंय? ने पडवीत." नेलं. पडवीत चांगला वारा येतो... हे लिहितोय तेही तिथूनच.

माझे आकडे एकूणएक बरोबर होते. आपण नक्की काय मोजतोय, हे बघायला मात्र दुसरं माणूस लागलं. रेश्माताई, मनापासून आभार.

लॅपटॉप १,१९,०००. जादा एसएसडी ९,०००. शिल्लक २,०००. हप्ता नाही. साफसफाईचे पैसे ताईंनी घेतले नाहीत, "पिकले की आण" एवढंच म्हणाल्या... म्हणून देणं, हापूस दोन डझन.