भुईआवळी ओळखणारी नागाक्का

औषधाचं झाड उपटायच्या आदल्या दिवशी नागाक्का त्याला आवतण देऊन यायची. बांधावर वाकून मुळाशी चार अक्षता टाकायची आणि म्हणायची, "उद्या येते गं बाई, तयार राहा." मी ते पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. निजामाच्या राज्यात, हैदराबादच्या कॉलेजात मी उर्दूतून वनस्पतिशास्त्र शिकत होतो आणि विसाव्या वर्षी माणसाला जेवढं शहाणं वाटतं त्याहून मला जरा जास्तच वाटत होतं.

अक्का आमच्या माकणीतलीच. माहेर कानडी मुलखातलं, नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही. काविळीची माणसं लांबून तिच्याकडे येत. कोणता पाला देते हे ती कुणालाच सांगत नसे, कुटून गोळी करूनच हातावर ठेवायची.

एका सुट्टीत प्रोफेसरांनी काम दिलं होतं : गावाकडच्या वनस्पती वाळवायच्या, जाड कागदावर दोऱ्याने टाचायच्या आणि खाली इंग्रजीत चार ओळी लिहायच्या. नाव, गाव, गोळा करणारा, ओळखणारा. मी रानातून भुईआवळी कवळाभर आणून ओट्यावर पसरली. वीतभर उंचीचं तण, चिंचेसारखी बारीक पानं आणि पानांच्या पोटाखाली मोहरीएवढे आवळे. अक्का जाता जाता थांबली.

"बापू, दोन जाती एकात घातल्यास की."

"एकच आहे अक्का. पुस्तकात बघितलंय मी."

तिने दोन रोपं उचलून उलटी धरली. "वरून काय बघतोस? खालून बघ. हिचं फळ देठावर लोंबतंय, गुळगुळीत हाय. हिला देठच न्हाय, काडीला चिकटून बसलंय आन वर खरबरीत. लोंबती ती औषधाची. खरबरीत माझ्या कामाची न्हाय."

मी भिंग लावून पाहिलं. ती म्हणत होती ते अक्षर न अक्षर खरं होतं. मग माझी विद्या दाखवायला मी तिला सांगितलं, की ही आवळ्याची सख्खी आणि एरंडाचीही नात्यातली. आवळ्याचं तिने लगेच मान्य केलं, "आमच्या माहेरी नेलनेल्लीच म्हणत्यात, भुईवरला आवळा." एरंडाचं मात्र पटेना. मी एरंडाचं बोंड फोडून आतले तीन कप्पे दाखवले. तिने नखाने तो मोहरीएवढा आवळा फोडला, भिंगाला डोळा लावला, तीन मोजले आणि खुदकन हसली. "व्हय की रं. सोयरीक हाय."

हसता हसता तिने भिंग खाली ठेवलं. आपण काय सांगून बसलो हे तिच्या ध्यानात आलं असावं. "ह्ये म्या कुणाला सांगितलं न्हवतं. माझ्यामागं कुणी न्हाय बापू. तुझ्या कागदावर माझं नाव लिव. तेवढंच ऱ्हाईल." मी लिहीन म्हणालो, आणि तेव्हा मनापासूनच म्हणालो.

हैदराबादेत प्रोफेसरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "ये फ़र्क़ किसने पहचाना?"

"जी, मैंने," मी म्हणालो.

कुणी दटावलं नव्हतं, घाई नव्हती, काही नव्हतं. एका निरक्षर बाईने दाखवलं असं वर्गासमोर म्हणायची लाज वाटली, एवढंच. ओळखणारा या ओळीवर मी माझं नाव लिहिलं. सगळ्यांसमोर पाठीवर पडलेली शाबासकी मला गोड लागली, हेही सांगून टाकतो.

कागदांची एक जोडी मी घरी आणली. अक्का दुसऱ्याच दिवशी आली. "कुठं हाय माझं नाव?" मी माझ्याच नावावर बोट ठेवलं आणि अडखळत वाचलं, "ओळखणारी, नागाक्का, माकणी." तिने पदराला हात पुसले आणि त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग खाली बसली आणि आजवर कुणाला न सांगितलेल्या आणखी सात पाल्यांच्या खुणा मला एकेक करून सांगितल्या. मी त्या उतरवून घेतल्या.

पुढे रझाकारांच्या धामधुमीत कॉलेज बंद पडलं आणि मी घरी येऊन राहिलो. कागद फडताळात होते, शेजारीच दौत होती. एक ओळ खोडून दुसरी लिहायला किती वेळ लागतो? रोज फडताळ उघडत होतो, पण खाडाखोड दिसली तर लोक काय म्हणतील, याचीच मला भीती वाटायची.

त्या हिवाळ्यात अक्का अंथरुणाला खिळली. माहेरची माणसं गोळा झाली होती. तिने मला कागद घेऊन बोलावलं. हाडांची नुसती मोळी उरली होती, पण डोळे लखलखत होते. "वाच बापू. ह्यांना खरं वाटत न्हाय. इंग्रजीत माझं नाव हाय म्हणून सांगितलं, तर हसत्यात."

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी कागद उजेडाकडे धरला आणि खणखणीत आवाजात वाचलं, "ओळखणारी, नागाक्का, माकणी."

या वेळी मी अडखळलोसुद्धा नाही.